हतनूरच्या आधीची तापी : ७०० फुटांची रेषा

पावसाळ्यात चोपड्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज येतोच : हतनूरचे ४१ दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनी सावध राहा. आज आपण त्या धरणाच्या आधीची तापी बघू, एका जुन्या नकाशावर.

नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा, ‘एक इंचाला एक मैल’वाला. हतनूर धरण झालं १९८२ मध्ये, नकाशा त्याच्या कितीतरी आधीचा. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते ते यातही आहे, पण आज तिथे पसरलेलं पाणी नाही. नदीचं पात्र, काठाच्या घळी, पाऊलवाटा, एवढंच. मुक्ताईनगर शोधाल तर सापडणार नाही, कारण तेव्हाचं नाव एदलाबाद.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे नकाशाही मला डेटाच वाटतो. त्यातली प्रत्येक तपकिरी रेषा सारख्या उंचीच्या जागा जोडते, दर ५० फुटांना एक. आता गंमत बघा. हतनूर पूर्ण भरतं तेव्हा पाण्याची पातळी असते २१४ मीटर. फुटांत साधारण ७०२. म्हणजे जुन्या नकाशावरची ७०० फुटांची रेषा हाच जवळपास आजच्या भरलेल्या जलाशयाचा काठ!

ती रेषा काढणाऱ्याला धरण माहीत नव्हतं. रेषेच्या आत नांगर धरणाऱ्यालाही नाही. पुढे भिंत उभी राहिली, आतली शेतं पाण्याखाली गेली आणि काही गावांना उठून दुसरीकडे वसावं लागलं.

आणि पाणी कुठे आलं? कालव्याने यावल, चोपड्याकडे. आमच्याही शेतात केळी आहे. पाटाला पाणी सुटलं की आबांचा चेहरा खुलायचा. “पाणी कुठून येतं?” विचारलं की म्हणायचे, “हतनूरहून.” इतकी वर्षं मला ते उत्तर पुरलं. आता अर्धंच वाटतं. आमच्या केळीला मिळणारं पाणी आधी कुणाच्या तरी शेतावर साठतं.

म्हणून एक काम करा. घरात, नात्यात कुणी धरणाआधीची तापी पाहिली असेल, तर नदी कुठून ओलांडायचे, कुठल्या वाटेने जायचे, ते विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. नकाशावर वाट दिसते. तिच्यावरून रोज कोण जायचं, ते त्यांनाच माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात.