चाळिशी आणि चाकावरची माती



उन्हाळा जवळ आला म्हणजे अमरावती-अकोल्याच्या बाजारांत माठांच्या आणि रांजणांच्या राशी लागतात. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नांवानें नवा घडा पूजण्याची चाल वऱ्हाडांत घरोघर आहे. हा घडा ज्या हातांनीं घडविला त्यांची आपण वाखाणणी करतों. त्या हातांना वाट दाखविणारे डोळे मात्र क्वचितच आठवतात. चाळिशी उलटली कीं जवळची वस्तु अंधुक दिसूं लागते. मराठींत चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात, तें उगीच नव्हे. मग काठाची जाडी किंवा बुडाला गेलेली बारीक चीर चष्म्यावांचून दिसत नाहीं. आणि चष्म्यावर तर मातीच्या धुळीनें चरे पडतात. गोष्ट क्षुल्लक दिसते खरी, पण तिच्या मागें सातशें वर्षांचा इतिहास आहे.

चष्मा निघाला इटलींत, तेराव्या शतकाच्या अखेरीस. ही कला निघून अद्याप वीस वर्षेंही झालीं नाहींत, असें एका धर्मोपदेशकानें १३०६ सालीं प्रवचनांत सांगितलें होतें. आपल्या देशांतील चष्म्याचा माग पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं काढला. १९४७ सालच्या आपल्या लेखांत त्यांनीं ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत ग्रंथाचा दाखला दिला. विजयनगरचे व्यासराय स्वामी १५२० च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचीत, असें त्यावरून दिसतें.

दक्षिणेंत तंजावरजवळ वल्लम या गांवीं स्फटिक घासून चष्म्याचीं भिंगें करीत. तंजावर म्हणजे पावणेदोनशें वर्षें मराठ्यांचें राज्य; तेथील दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकीर्दींतील नेत्ररोग्यांचीं टिपणें सरस्वती महाल ग्रंथालयांत जतन केलेलीं आहेत. आतां स्फटिक म्हणजे तरी काय? बांधावर सांपडणारी आपली गारगोटीच, फक्त निर्मळ. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी लाविली. तींत गारगोटी ७ वर बसते आणि कांच साडेपांचाच्या आसपास. कठीण वस्तु मऊ वस्तूवर चरा पाडते, हा त्या श्रेणीचा नियम. मातींत गारगोटीचे कण असतात. म्हणून स्फटिकाच्या चष्म्याला तिचें फारसें भय नव्हतें.

पुढें कांचेचीं भिंगें स्वस्त झालीं, चष्मा सामान्यांच्या नाकावर आला, आणि त्याबरोबर हें भयही आलें. कांच होते वाळूपासून, आणि वाळूंत बहुतांशीं गारगोटीचेच कण. आईनेंच लेकीला ओरबाडावें, तसा हा प्रकार! १९४७ च्या सुमारास अमेरिकेंत प्लॅस्टिकचीं नवीं भिंगें निघालीं. त्यांचें वजन निम्में, फुटण्याची भीति थोडी. पण चरा कांचेहूनही लवकर पडतो. चष्मा जसजसा स्वस्त आणि हलका होत गेला, तसतशी त्याची निगा अधिक राखावी लागली.

ही निगा कशी राखावी, हें कुंभाराच्या विद्येंतच सांपडतें. वऱ्हाडांत ही विद्या फार जुनी. अमरावती जिल्ह्यांत वर्धेच्या कांठीं, रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध असलेल्या कौंडिण्यपुरास मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं उत्खनन केलें आणि तेथील प्राचीन खापरें उजेडांत आणिलीं. त्याचा वृत्तांत १९६८ सालीं निघाला. दुसऱ्याच वर्षीं भारतीय कांचेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ आला. माती आणि कांच, दोहोंचा इतिहास एकाच लेखणीनें लिहिला.

कुंभार माती पाण्यांत कालवितो, खडे तळाशीं बसूं देतो आणि वरचा मऊ गाळ घेतो. चष्म्यालाही आधीं पाणीच हवें. धुळीनें भरलेलें भिंग धोतराच्या सोग्यानें किंवा पदरानें कोरडें पुसणें म्हणजे गारगोटीनें घासणेंच होय. प्रथम पाण्याची धार सोडावी, कण वाहून जाऊं द्यावे. मग साबणाचा थोडा फेंस बोटांनीं हलकेच फिरवावा, पुन्हां धुवावें आणि स्वच्छ, मऊ सुती कापडानें टिपावें. काढलेला चष्मा चाकाशेजारीं पालथा न ठेवतां डबींत ठेवावा. वाळलेलें भांडें कोरडें न घासतां ओल्या फडक्यानें साफ करावें. त्यानें चष्मा वांचतो आणि छातीही. कारण तीच धूळ वर्षानुवर्षें फुप्फुसांत गेली तर बरी न होणारी व्याधि जडते.

एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. आसामच्या चहाच्या मळ्यांतील एक चांचणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. चाळिशी गांठलेल्या ७५१ मजुरांपैकीं निम्म्यांना जवळचे चष्मे दिले, तेव्हां त्यांचें काम इतरांपेक्षां सुमारें २२ टक्के अधिक वाढलें. शहरांत हौसेनें मातीकाम शिकणाऱ्याला चरा पडलेला चष्मा बदलतां येतो. ज्याची भाकरी चाकावर फिरते, त्याला मात्र चष्म्यावरचा प्रत्येक चरा आपल्या मजुरींतून भरून द्यावा लागतो.