रांगेत पहिला कोण?

टर्मिनलवर 'पायथन' टाइप करून एंटर मारलं, की नक्की कुठला पायथन चालतो? तुम्ही म्हणाल, जो इन्स्टॉल केलाय तो. पण मशीनवर दोन असतील तर? मग रांगेत जो आधी उभा असेल, तो. या रांगेचं नाव पाथ. ही डिरेक्टरींची यादी. शेल ती क्रमाने बघतं आणि पहिला सापडला की पुढे बघतच नाही.

१९७९ साली बेल लॅब्जची युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्या बॉर्न शेलमध्ये रांग अशी होती: आधी आपण उभे आहोत ती डिरेक्टरी, मग सिस्टिमच्या. म्हणजे घरचा प्रोग्राम नेहमीच पुढे. ऐकायला छान, पण सामायिक डिरेक्टरीत कुणी 'एलएस' नावाचा खोडसाळ प्रोग्राम ठेवला आणि अ‍ॅडमिनने तिथे जाऊन 'एलएस' म्हटलं, की खेळ खलास! तो प्रोग्राम अ‍ॅडमिनच्याच अधिकाराने चालणार. पुढे ही सवय मोडीत निघाली ती यामुळेच.

मग मधला मार्ग काय? 'यूएसआर-लोकल' ही वेगळी डिरेक्टरी. लिनक्सच्या फाइलरचनेचे नियम १९९४ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाले. आजच्या नियमांनुसार सिस्टिम अपडेट करताना या डिरेक्टरीतल्या गोष्टींना धक्का लागता कामा नये. पाथमध्ये ती आधी ठेवली, की आपलं काम झालं.

तरीही लोक सिस्टिमचाच पायथन बदलायला जातात. २००७ साली आलेल्या सेंटओएस ५ मध्ये पायथन २.४ होता, आणि पॅकेजेस बसवणारा 'यम' त्याच पायथनवर चालायचा. पायथन बदलला की यम आडवा! आणि दुरुस्तीचं पॅकेज आणायचं तर त्यासाठीही यमच हवा. याउलट नवा पायथन यूएसआर-लोकलमध्ये ठेवला, तर यम मजेत. कारण त्याच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत जुन्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असे. तो रांगेत उभाच राहत नसे.

२००७ सालचं व्हर्च्युअलएन्व्ह आणि २०१२ साली पायथन ३.३ बरोबर आलेलं व्हेन्व्ह, दोन्हींची युक्ती हीच. 'अ‍ॅक्टिव्हेट' म्हटलं की प्रोजेक्टची डिरेक्टरी पाथमध्ये सर्वांत पुढे, तीही फक्त त्या टर्मिनलपुरती. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये तर सिस्टिमच्या पायथनमध्ये परस्पर पॅकेज घालायला पिप चक्क नकार देतो.

मला यातलं तात्पर्य साधं वाटतं. आपलं सॉफ्टवेअर पुढे जरूर घ्यावं, पण आपल्यापुरतं. दुसऱ्याचा पाया उकरून नव्हे.