मेरी लू विल्यम्स : एका पियानोवादिकेचीं पन्नास वर्षें

कोणत्याहि कलेचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे तिचे कालखंड पाडावे लागतात, आणि कालखंड पाडले कीं प्रत्येकाच्या दारावर एकेका कर्त्या पुरुषाची पाटी लावावी लागते. ही सोय आहे, व तिच्यावांचून इतिहासकाराचें चालत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ह्या सोयीपायीं एका जातीच्या कलावंतांवर हटकून अन्याय होतो. जो कोणत्याहि एका दालनांत कायमचें बिऱ्हाड न करितां एकांतून दुसऱ्यांत गेला, आणि जातांना पहिल्यांतलें धन दुसऱ्यांत पोंचवून गेला, त्याची पाटी कोणत्याच दारावर लागत नाहीं. अमेरिकेंतील जाझ संगीताच्या इतिहासांत असा अन्याय ज्यांच्या वांट्यास आला, त्या मेरी लू विल्यम्स ह्या पियानोवादक व संगीतरचनाकार बाईंचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जाझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांनीं विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास घडविलेलें संगीत. दास्याच्या काळचीं श्रमगीतें, प्रार्थनामंदिरांतील भजनें, 'ब्लूज' नांवाचीं दुःखगीतें आणि युरोपांतून आलेलीं वाद्यें, ह्या साऱ्यांचा त्यांत संगम झाला आहे. लिहून ठेवलेल्या स्वरांपेक्षां ऐन वेळीं सुचलेल्या स्वरांना त्यांत मान अधिक. बैठकीचें गाणें ऐकण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस ह्यांतील गोडी फोड करून सांगावयास नको. परंतु १९२० नंतर वाद्यवृंद मोठे झाले, दहाबारा वादक एकत्र बसूं लागले, आणि प्रत्येकानें मनास येईल तें वाजविलें तर नुसता गोंगाट होईल हें उघड दिसूं लागलें. तेव्हां कोणीं कोठें बोलावें, कोणीं कोठें गप्प बसावें, एकट्या वादकास मोकळें रान कोठें द्यावें, हें आधीं लिहून देणारा माणूस लागूं लागला. ह्या माणसास 'अरेंजर' म्हणतात. वाद्यवृंदाच्या नायकाचें नांव घरोघरीं होई. अरेंजरचें नांव जाणत्यांच्या बोलण्यापलीकडे क्वचितच जाई. विल्यम्सबाईंच्या उमेदीचीं कितीएक वर्षें ह्याच कामांत गेलीं, एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपी जाईल.

त्यांचा जन्म ८ मे १९१० रोजीं अटलांटा शहरीं झाला. आई घरीं पायपेटी वाजवीत असे. मांडीवर बसलेल्या तीनचार वर्षांच्या मुलीनें एके दिवशीं आईनें वाजविलेले स्वर जसेच्या तसे वाजवून दाखविले, आणि आई इतकी दचकली कीं मुलीस खालीं टाकून ती शेजाऱ्यांना बोलावण्यास धांवली, अशी आठवण बाई पुढें सांगत. आईनें मुलीसाठीं शिक्षक मात्र ठेविला नाहीं. स्वरलिपी वाचून वाचून तिची स्वतःची मनचें वाजविण्याची शक्ति नाहींशी झाली होती. मुलीचें तसें होऊं नये, हा तिचा हेतु.

पुढें हें कुटुंब पिट्सबर्ग शहरीं गेलें. तेथील गोऱ्या शेजाऱ्यांनीं प्रथम घरावर विटा फेंकल्या. मुलीचें वाजविणें कानीं पडल्यावर त्याच वस्तींतून तिला बोलावणीं येऊं लागलीं. सावत्र बाप तिला आपल्या मोठ्या कोटाखालीं लपवून जुगाराच्या अड्ड्यावर नेई, व तेथें तिच्यापुढें नाणीं पडत. 'ईस्ट लिबर्टीची लहानगी पियानोवाली' हें नांव तिला त्या वयांतच मिळालें. ह्याच शहरांतल्या एका नाटकगृहांत तिनें लव्ही ऑस्टिन ही वादिका पाहिली. ती बाई तोंडांत सिगारेट धरून, डाव्या हातानें पियानो वाजवीत, उजव्या हातानें पुढील प्रवेशाचें संगीत लिहीत होती! मोठें झाल्यावर आपणहि असेंच करावयाचें, असा निश्चय त्या मुलीनें तेथेंच केला. आदर्श म्हणून पुढें उभा असलेला माणूस आपल्यासारखाच असावा लागतो. बायकांनीं वाद्यवृंदांत गावें फार तर, वाजवूं नये, अशा त्या काळीं एका स्त्रीस पाहून दुसरीस धीर आला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

फिरत्या मंडळ्यांतून वाजवीत असतां तिचा जॉन विल्यम्स नांवाच्या सॅक्सोफोनवादकाशीं विवाह झाला. १९२९ सालीं तो अँडी कर्क ह्याच्या वाद्यवृंदांत होता. ह्या वृंदाचें नांव 'ट्वेल्व्ह क्लाउड्स ऑफ जॉय', म्हणजे आनंदाचे बारा मेघ, व त्याचें ठाणें कॅन्सस सिटी. दारूबंदीचा कायदा देशभर लागू असतां टॉम पेंडरगास्ट ह्या राजकीय पुढाऱ्याच्या छायेखालीं त्या शहरांतील दारूचे व नाचाचे अड्डे रात्रभर उघडे असत. मंदीमुळें इतर ठिकाणचे वादक उपाशी फिरत होते, आणि येथें मात्र सूर्योदयापर्यंत एकमेकांशीं चढाओढ चाले. नीतीच्या दृष्टीनें ह्या नगरीची स्तुति कोणी करणार नाहीं. परंतु संगीताचें बी कोठें रुजेल ह्याचा नेम नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

कर्कच्या वृंदांत पियानोची जागा भरलेली होती. विल्यम्सबाई आपल्या कल्पना प्रथम कर्कला गुणगुणून दाखवीत व तो त्या कागदावर उतरी. तो वेळेवर सांपडेना, म्हणून त्या स्वतःच स्वरलेखन शिकल्या. १९३० सालीं शिकागोंत त्यांनीं ऐन वेळीं सुचेल तें वाजवून 'नाइट लाइफ' ही एकटीच्या पियानोची तबकडी भरली. 'मेरी लू' हें नांव त्यांना तेव्हांच मिळालें. पैसा मात्र हातीं पडला नाहीं, असें त्या पुढें सांगत. पुढील बारा वर्षें त्या ह्या वृंदाच्या मुख्य वादिका व अरेंजर होत्या. वृंद मोटारगाडींतून गांवोगांव हिंडे, आणि गाडी चालली असतां बाई संगीत लिहीत. १९३६ सालची 'वॉकिन् अँड स्विंगिन्' ही त्यांची रचना इतर वृंदांनींहि उचलली. १९३७ सालीं बेनी गुडमन ह्या प्रख्यात गोऱ्या वृंदनायकासाठीं त्यांनीं 'रोल एम्' लिहिली व ती त्याच्या नांवानें देशभर गाजली. ऐकणाऱ्यांच्या तोंडीं गुडमनचें नांव राहिलें. लेखणी कोणाची होती हें थोड्यांनाच ठाऊक होतें.

१९४२ सालीं त्यांनीं कर्कचा वृंद सोडला व पुढें त्या न्यूयॉर्क शहरीं आल्या. तेथें बार्नी जोसेफसन ह्यानें १९३८ सालीं 'कॅफे सोसायटी' नांवाची मैफलीची जागा काढली होती, व काळे-गोरे श्रोते एकाच पंक्तीस बसविण्याचा त्या काळीं दुर्मिळ असलेला परिपाठ तेथें होता. बाई तेथें वाजवूं लागल्या. परंतु त्यांचें खरें कार्य मैफल संपल्यावर सुरू होई. हार्लेम भागांतील त्यांच्या घरीं पहांटेस तरुण वादक जमत. थेलोनियस मंक, बड पॉवेल, टॅड डॅमरन, डिझी गिलेस्पी हे त्यांपैकीं कांहीं. 'बीबॉप' ह्या नांवानें जें अवघड, चपळ व जुन्या मंडळींस कर्कश वाटणारें संगीत ह्या तरुणांनीं काढलें, त्याची बाईंच्या बरोबरीच्या अनेकांनीं थट्टा केली. बाईंनीं आपला पियानो त्यांस मोकळा करून दिला, त्यांच्या नव्या चीजा ऐकल्या, चुका दाखविल्या, आणि स्वतः त्यांच्यापासून शिकल्या. मंकच्या 'रिदम-अ-निंग' ह्या सुप्रसिद्ध रचनेंतील एक स्वरवाक्य बाईंच्या १९३६ सालच्या 'वॉकिन् अँड स्विंगिन्'मध्यें आधींच ऐकूं येतें. एका पिढीचें धन दुसरीच्या हातीं कसें जातें, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

ह्याच काळांत त्यांनीं 'झोडियाक स्वीट' ही बारा राशींवरील बारा भागांची रचना केली. प्रत्येक रास त्या राशीवर जन्मलेल्या कलावंतांस व स्नेह्यांस अर्पण केलेली आहे. वृषभेंत ड्यूक एलिंग्टन, तुळेंत मंक व गिलेस्पी. रेडिओवर दर आठवड्यास एकेक भाग वाजवीत ही माला पुरी झाली, १९४५ सालीं तिच्या तबकड्या निघाल्या, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरास टाउन हॉलमध्यें व्हायोलिनादि वाद्यांसह ती सादर झाली. पुढल्या वर्षीं कार्नेगी हॉलमध्यें तिचे तीन भाग सिंफनी वाद्यवृंदानें वाजविले. नाचघरांतलें संगीत म्हणून ज्याची हेटाळणी होई, त्यास गंभीर सभागृहाचें दार उघडावें ही त्यांची आकांक्षा होती. दार थोडें उघडलें. पण त्यांतून मानाखेरीज फारसें कांहीं आलें नाहीं, आणि पोटासाठीं पुनः रात्रींच्या मैफली करणें भाग पडलें.

१९५२ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व दोन वर्षें युरोपांत राहिल्या. १९५४ सालीं पॅरिस येथें एका रात्रीं चालू कार्यक्रमांतून त्या पियानोवरून उठल्या व निघून गेल्या. पुढें सुमारें तीन वर्षें त्यांनीं जाहीर रीतीनें वाजविलें नाहीं. भोंवतालच्या कितीएक गुणी माणसांचा दारूनें व मादक पदार्थांनीं झालेला नाश त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता. न्यूयॉर्कला परतल्यावर त्या तासन् तास प्रार्थना करीत. व्यसनांत बुडालेल्या, आजारी वादकांस आपल्या घरांत ठेवून घेत. ह्या सेवेसाठीं त्यांनीं पुढें संस्था काढली व जुन्या वस्तूंचें दुकानहि चालविलें. १९५७ च्या मे महिन्यांत त्यांनीं कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. ईश्वरानें दिलेला गुण टाकून देणें ही कांहीं भक्ति नव्हे, असें स्नेह्यांनीं व पाद्र्यांनींच त्यांस पटविलें, आणि त्याच वर्षीं न्यूपोर्टच्या उत्सवांत गिलेस्पीच्या वृंदाबरोबर त्या पुनः पियानोपाशीं बसल्या.

ह्यापुढें त्यांचें लक्ष धर्मसंगीताकडे वळलें. १९६२ सालीं रोमनें पेरू देशांतील मार्टिन द पोरेस ह्या मिश्रवर्णीय साधुपुरुषास संतपद दिलें. त्याच वर्षीं बाईंनीं त्याच्यावर समूहगानाची रचना केली. नंतर जाझमध्यें तीन 'मास', म्हणजे उपासनाविधीचीं संगीतें, लिहिलीं. त्यांपैकीं शेवटचें १९७१ सालीं आल्व्हिन एली ह्या नृत्यकारानें रंगभूमीवर आणिलें, आणि १९७५ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्यें प्रत्यक्ष उपासनेंत तें गाइलें गेलें. जुगाराच्या अड्ड्यावर कोटाखालून आणलेल्या मुलीचे स्वर त्या महामंदिरांत घुमले, ह्यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. भजनें आणि ब्लूज ह्यांचें मूळ एकच, हेंच तर त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या.

हें त्यांचें सांगणें एका चित्रांत उतरलें आहे. त्यांच्या कल्पनेवरून काढलेल्या ह्या जाझच्या वृक्षाच्या मुळांवर 'दुःखभोग' हा शब्द आहे, आणि खोडावर अनुक्रमें भजनें, रॅगटाइम, स्विंग व बॉप. एका बाजूस मात्र वठलेल्या, पानें नसलेल्या फांद्या असून नवमतवादी प्रयोगांस त्यांनीं तेथें बसविलें आहे. येथें त्यांच्या उदारपणाची सीमा दिसते, व ती झांकण्याचें कारण नाहीं. १९७७ च्या एप्रिलांत कार्नेगी हॉलमध्यें सेसिल टेलर ह्या अतिनवीन पंथाच्या वादकाबरोबर त्यांनीं हौसेनें जोडमैफल केली. बाई जाझचा इतिहास क्रमानें वाजवूं पाहत, आणि टेलर आपल्या स्वरांच्या झंझावातांत तो बुडवून टाकी. दोघांची गांठ पडली नाहीं. परंतु सदुसष्टाव्या वर्षीं असा धोका पत्करणारे किती निघतात?

त्याच वर्षीं ड्यूक विद्यापीठांत त्यांची नेमणूक झाली. शिक्षकावांचून शिकलेल्या बाई शेंकडों विद्यार्थ्यांस जाझ शिकवूं लागल्या, आणि २८ मे १९८१ रोजीं तेथेंच, डरहॅम गांवीं, निवर्तल्या.

त्यांचें नांव मागें कां राहिलें? त्या स्त्री होत्या, हें एक कारण. त्यांचें लेखन इतरांच्या नांवानें गाजलें, हें दुसरें. पण आमच्या मतें तिसरें कारण अधिक खोल आहे. एकच शैली धरून ती आयुष्यभर गिरविणारा कलावंत ओळखण्यास सोपा असतो. बाईंनीं दर दहा वर्षांनीं आपली शैली बदलली, आणि टीकाकारांस त्यांना कोणत्या कप्प्यांत घालावें हें कळेना. ह्याची किंमत त्यांनीं भरली. परंतु कांहीं कर्ज उशिरां कां होईना, फिटतें. बारा राशींची ती माला २०२३ सालीं एरन डील ह्या तरुण पियानोवादकानें 'द नाइट्स' ह्या वाद्यवृंदासह संपूर्ण ध्वनिमुद्रित केली. मूळ रचनेस तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षें झालीं होतीं. ज्या घरीं पहांटे पोरें शिकावयास येत, त्या घराची परंपरा अजून चालू आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.