साहेबासमोरचा चेहरा

गेल्या वर्षीची गोष्ट. सहावीच्या वर्गावर मराठीचा तास होता. एका मुलाची वही सलग आठ दिवस कोरी. मी त्याला उभं केलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. तो मान खाली घालून उभा राहिला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू. "हसतोस काय? लाज वाटत नाही?" मी ओरडलो. हसू आणखी पसरलं. मी त्याला वर्गाबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. भाड्याची खोली अचानक सोडावी लागली होती. सामान मामाच्या घरी पोत्यांत बांधून पडलं होतं आणि पोराची निम्मी पुस्तकं त्यातच होती. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सर, इसको डर लगता तो ये हसता. घर में सबको मालूम है."

घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या, बी.एड. झालेल्या, रोज पन्नास चेहरे बघणाऱ्या मला मात्र ठाऊक नव्हतं. बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पुस्तकात एका पानावर सहा चेहरे छापलेले होते: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. जगात कुठेही जा, हे चेहरे सारखेच, असं आम्ही परीक्षेत लिहिलं आणि गुणही मिळवले. त्या सहांत माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा नव्हता.

माणसांच्या भावना सगळीकडे सारख्याच दिसतात का, हा प्रश्न जुना आहे. चार्ल्स डार्विनने त्यावर एक पुस्तकच लिहिलं. ते १८७२ साली प्रसिद्ध झालं. सगळ्या वंशांच्या माणसांच्या चेहऱ्यावर भावना सारख्याच उमटत असतील, तर सगळी माणसं एकाच मुळातून आली या म्हणण्याला बळ मिळतं, असा त्याचा विचार. पण जगभरचे चेहरे बघायचे कसे? १८६७ च्या सुमारास त्याने एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात सोळा प्रश्न होते. आश्चर्य वाटल्यावर डोळे आणि तोंड उघडतं का, लाजेने चेहरा लाल होतो का, होकार देताना मान वरखाली हलते का, अशा धर्तीचे. ती त्याने पाद्री, अधिकारी आणि वसाहतींत राहणाऱ्या इतर युरोपियन लोकांकडे पाठवली. छत्तीस जणांकडून उत्तरं आली.

त्यांतलं एक उत्तर आपल्या नगर जिल्ह्यातून गेलं होतं.

एच. अर्स्किन नावाचे साहेब तेव्हा अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) जिल्ह्यात राहत होते. त्यांनी तिथल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे मन लावून पाहिलं, पण खात्रीने काही सांगणं त्यांना फार अवघड गेलं. कारण, डार्विनने आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं आहे, इथले लोक युरोपियन माणसासमोर आपल्या सगळ्या भावना लपवतात, तशी त्यांना सवयच आहे. अर्स्किन यांनी कानडा जिल्ह्याच्या वेस्ट नावाच्या न्यायाधीशांकडून माहिती मिळवली, काही जाणत्या देशी गृहस्थांनाही विचारलं. त्या गृहस्थांची नावं तिथे नोंदलेली नाहीत.

ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकलो. साहेब प्रामाणिक होता. लोकांना भावनाच नाहीत, असं त्याने लिहिलं नाही. ते माझ्यासमोर लपवतात, असं लिहिलं. पण हा एक मोठाच शोध होता आणि तो प्रश्नावलीच्या सोळा प्रश्नांत कुठेच बसत नव्हता. चेहऱ्यावर काय दिसतं हे समोर कोण उभं आहे यावर ठरतं, असा तो शोध. डार्विनचं पुस्तक तेवढी अडचण सांगून पुढे जातं.

नगरचे लोक का लपवत होते? दहाच वर्षांपूर्वी १८५७ होऊन गेलं होतं. नगर-नाशिक भागात भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्ल इंग्रजांशी लढले होते आणि ती लढाई १८५९ पर्यंत चालली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव १८६५ नंतर कोसळला होता. शेजारच्या पुणे जिल्ह्यात इंदापूरला तीस वर्षांची मुदत संपून १८६७ मध्ये शेतसाऱ्याची फेरआकारणी झाली होती आणि सारा वाढला होता. शेतकरी सावकाराच्या कर्जात आणि सावकार कोर्टाचा हुकूमनामा घेऊन दारात. अशा वेळी एक साहेब गावात येतो आणि आपल्या भुवया किती वर जातात ते न्याहाळतो. त्याला आपल्या मनातलं का दाखवावं?

पुस्तक निघाल्यावर तीन वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. लोकांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. ते हिसकावून जाळले गेले. मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. शांत दिसणाऱ्या चेहऱ्यांमागे काय साठलं होतं, ते कळायला कागद जळावे लागले.

पुढे विसाव्या शतकात पॉल एकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवले आणि मूळ भावनांचे चेहरे जगभर ओळखले जातात, असा निष्कर्ष काढला. माझ्या पुस्तकातले सहा चेहरे तिथूनच आले. त्यावर आजही वाद आहे. नामिबियातल्या हिंबा लोकांनी तशाच फोटोंचे गट अमेरिकनांहून वेगळे लावले, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण एकमन आणि त्याचा सहकारी फ्रीसन यांचाच आणखी एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी अंगावर काटा आणणाऱ्या फिल्म दाखवल्या. एकटे असताना दोघांचे चेहरे सारखेच वाकडे झाले. पण प्रयोग घेणारा अधिकारी माणूस खोलीत येऊन बसला, तेव्हा जपानी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. भीती आणि किळस हसण्याखाली गेली. हेच नगरला शंभर वर्षांपूर्वी दिसलं होतं. माझ्या वर्गातही.

याची दुसरी बाजू कुठल्या प्रश्नावलीत नव्हती. साहेबाला रयतेचा चेहरा वाचता येत नव्हता, पण रयतेला साहेबाचा चेहरा पाठ होता. ज्याच्या हातात आपली भाकरी असते, त्याची भुवई आपण लांबून ओळखतो. आपली भाषाच याची साक्ष देते. मर्जी, खप्पामर्जी, इतराजी, मिजास, मेहेरबानी: हे सगळे शब्द फार्सीच्या वाटेने मराठीत आले आणि सगळे वरच्या माणसाच्या मनाबद्दल आहेत. सुलतान असो, पेशवा असो वा कलेक्टर, 'आज साहेबांची मर्जी कशी आहे' हे दारातल्या शिपायाला विचारूनच लोक आत जात. मिजाज म्हणजे अरबी-उर्दूत स्वभाव, प्रकृती. उर्दूत आपण अदबीने मिजाज विचारतो. मराठीत मिजास म्हणजे तोरा. ज्यांनी हा शब्द खालून वर बघत ऐकला, त्यांना तो स्वभाव कसा दिसला असेल, हे एका अक्षराच्या फरकात कळतं.

पण त्याच वाटेने दुसरेही शब्द आले, आणि ते घरात शिरले. गुस्सा हा अरबीत घशात अडकणारा आवंढा. फार्सीत तो दुःख झाला, उर्दूत राग. आवंढ्याचा राग कसा होतो, हे ज्याने गिळलेला अपमान पाहिलाय त्याला सांगायला नको. उर्दूत हवस म्हणजे वासना, हाव. मराठीत हौस म्हणजे पोरीच्या लग्नात आई करते ती. अरबीत जिद्द म्हणजे विरुद्ध, उर्दूत जिद म्हणजे हट्ट, आणि मराठीत जिद्द म्हणजे ज्याचं आपण कौतुक करतो ते. हैरान माणूस उर्दूत चकित असतो, मराठीत हैराण माणूस त्रासून गेलेला असतो. माझ्या वर्गात या शब्दावर दरवर्षी एकदा तरी गोंधळ होतो आणि दरवर्षी आम्ही हसतो.

माधव ज्यूलियनांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश काढला, पुढे यू. म. पठाण सरांनीही या अनुबंधाचा अभ्यास केला. अशी पुस्तकं चाळताना एक गोष्ट लक्षात येते. दरबारातला शब्द हुकमाने आणता येतो आणि हुकमाने काढताही येतो. पण हौस आणि जिद्द यांचे अर्थ कुणी हुकमाने बदलले नाहीत. ते बाजारात, शेतात, पडवीत, एकमेकांच्या मयतीला आणि लग्नाला जाता जाता बदलले. ज्या नगर जिल्ह्यात साहेबाला एक चेहरा उलगडला नाही, त्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमद नावाच्या मुसलमान संताने आपल्या मनातली उलघाल मराठी ओवीत लिहिली आणि ती समजून घेणारे लोक त्याच्या आजूबाजूला होते. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ. त्यांना कुणी प्रश्नावली पाठवली नव्हती. ते तिथेच राहत होते.

आज हे का लिहितोय? नवी मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना एक क्षण ओळखीचा आहे. एजंट छान बोलत असतो, मग नाव विचारतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकतं. तो तोंडाने 'बघतो' म्हणतो. आपल्याला उत्तर मिळालेलं असतं. आपण हसून 'शुक्रिया, काही हरकत नाही' म्हणतो आणि जिना उतरतो. त्या हसण्यावरून त्याला वाटतं, या लोकांना फारसं लागलं नाही. आपण त्याचा चेहरा वाचलेला असतो, त्याने आपला वाचलेला नसतो. 'तुम्ही लोक मोकळे होत नाही' असं म्हणणाऱ्या मित्रांनी हे जरा लक्षात घ्यावं. चेहरा मोकळा होतो तो जिथे मोकळं होण्याची किंमत द्यावी लागत नाही तिथे.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून मला सुटता येणार नाही. त्या दिवशी वर्गात साहेब मीच होतो. खुर्ची माझी, छडी नसली तरी आवाज माझा. तो मुलगा माझा चेहरा नीट वाचत होता म्हणून तर घाबरला होता. तो माझ्याच भाषेचा, माझ्याच दीनचा, आणि तरी मी त्याच्यासाठी परका निघालो. मजहब एक असला म्हणून चेहरा आपोआप वाचता येतो, हा गैरसमज त्या दिवशी गेला.

त्याची अम्मी गेल्यावर मी त्याला स्टाफरूमच्या बाहेरच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसलो. उर्दूत दिलगीर म्हणजे उदास, मराठीत दिलगिरी म्हणजे चूक कबूल करणं. मला दोन्ही अर्थ लागू होते. मी म्हणालो, "चुकलं माझं."

तो पुन्हा हसला. या वेळी मी विचारलं, "डर लग रहा है क्या?"

त्याने मान हलवली. "नहीं सर. अब सच्ची में हँसी आयी."