तळटीप : एक जन्म, तीन दिवस
* ‘जन्म एकच, पण वाढदिवस तीन, ते कसे?’ करवीरच्या गादीचे जे मूळ पुरुष, त्यांच्या जन्मदिवसाविषयी वाचकाच्या मनात संदेह उरू नये, म्हणून मुळातील या कूटप्रश्नाचा उलगडा येथे देणे अगत्याचे वाटते. जेधे शकावलीत शिवछत्रपतींचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार असा नोंदलेला आहे. ही तिथी चांद्रमानाची असल्यामुळे दरसाल निराळ्या तारखेस येते, हा पहिला दिवस. तिची रूढ तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्यूलियन गणनेची, हा दुसरा. आणि त्या शतकात दोन गणनांत १० दिवसांचे अंतर असल्याने, आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच शुक्रवार १ मार्च ठरतो, हा तिसरा. इंग्रजांच्या दफ्तरी तर तेव्हा साल २५ मार्चला पालटत असे. सबब त्यांच्या लेखी हा दिवस १६२९ सालातच पडला असता. कोल्हापूरच्या पेठांत वैशाख शुद्ध द्वितीयेस होणारी पारंपरिक जयंती मात्र या तिहींहून वेगळी, कारण तिच्या मुळाशी शके १५४९ हे निराळेच जन्मवर्ष आहे. तात्पर्य, कोणतीही तारीख स्वीकारण्यापूर्वी ती कोणत्या गणनेची, हे आधी विचारावे. — संपादक