दुसऱ्या मजल्यावरचा वऱ्हाडी ब्लॉक

शिवाजी पार्कच्या एका घराची जाहिरात भाचीने फोनवर पाठवली. प्री-वॉर इमारत, दुसरा मजला, संपूर्ण नूतनीकरण, मैदानाकडे तोंड केलेली गोल बाल्कनी, मूळ बर्मा टीकचे दार, पागडी. किंमत यवतमाळच्या माणसाने मोठ्याने वाचू नये अशी. खाली भाचीचा प्रश्न : हाच का तो आपला ब्लॉक?

हाच. आपला तो कधीच नव्हता, भाड्याचा होता. पण आमची माणसे त्यात तीन पिढ्या राहिली, आणि आमच्या घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या तरी त्या दोन खोल्या-स्वयंपाकघरात घडलेल्या आहेत. त्या मी आजीकडून आणि आत्याकडून ऐकल्या. दोघींच्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि दोघींनाही त्याचे काही वाटत नसे.

आजोबांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबाजी म्हणत, यवतमाळच्या एका अडत्याकडे होते. रुईची मूठ हातात घेऊन, बोटांनी ओढून तिची तार सांगायची, हे त्यांचे काम. त्या काळी आमच्या जिल्ह्याचा कापूस जिनात सरकी काढून, प्रेसमध्ये गाठी बांधून, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून मूर्तिजापूरला जाई. ती लाइन किलिक निक्सन या इंग्रज कंपनीची. पुढे लोक तिला शकुंतला म्हणू लागले. मँचेस्टरहून आलेले तिचे वाफेचे इंजिन 1994पर्यंत धावत होते. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईला उतरत. कुलाब्याचा कापूसबाजार 1920च्या दशकात शिवडीला हलला होता, तेव्हा अडत्याला शिवडीत एक भरवशाचा माणूस हवा झाला. आबाजी गाठींच्या मागोमाग त्याच वाटेने गेले.

आधी ते गिरगावात चाळीत राहिले. मग 1938च्या सुमारास दादरच्या पुढे नव्या इमारतींवर पाट्या लागलेल्या दिसू लागल्या : जागा भाड्याने देणे आहे. आज हे कुणाला पटत नाही, पण आजीची शपथ होती की घरमालक रस्त्यात उभे राहून भाडेकरू शोधत आणि पहिला महिना माफ करत. 1896च्या प्लेगनंतर शहर मोकळे करण्यासाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचा हा भाग आखला. मैदान 1925मध्ये लोकांना खुले झाले आणि दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीला, त्याला महाराजांचे नाव मिळाले. भोवती सिमेंट-काँक्रीटच्या बुटक्या इमारती उठल्या. कोपरे गोल, बाल्कन्यांना जहाजासारखे आडवे कठडे. मरीन ड्राइव्हवर श्रीमंतांसाठी जी तऱ्हा आली, तीच इथे कारकून, वकील, मास्तर यांच्या बेतात बसवलेली. मरीन ड्राइव्हच्या इमारती 2018मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. आमची कुठल्याच यादीत नाही; म्हाडाच्या दफ्तरात मात्र ती 'ए' वर्गात मोडते, म्हणजे 1 सप्टेंबर 1940च्या आधीची. जाहिरातीतल्या प्री-वॉरचे सरकारी रूप एवढेच.

आबाजींनी तिथे घेतलेल्या ब्लॉकचे भाडे पस्तीस की चाळीस, यावर आजी आणि आत्या शेवटपर्यंत भांडल्या.

खरा तंटा मात्र संडासावरून झाला. ब्लॉकची मोठी मिरवणूक हीच की सगळे दाराच्या आत : न्हाणी, नळ आणि तेही. आबाजींची बायको, आमची मोठी माय, पहिल्यांदा मुंबईला आली, सगळे घर हिंडून पाहिले आणि स्वयंपाकघरालगतचे ते दार उघडून उभीच राहिली. "असं कसं गा, भितीच्या इकडे चूल अन् तिकडे हे?" यवतमाळच्या वाड्यात ती सोय परसाच्या पार टोकाला, विहिरीच्याही पलीकडे. तिने पहिले काही दिवस चूल पेटवली नाही; आबाजी खानावळीतून डबा आणत. मग तिने तोडगा काढला. चूल हलली बाहेरच्या खोलीत, आणि ज्या खोलीतून मैदान दिसे, त्या खोलीत भाकरी थापल्या जाऊ लागल्या. पाहुणे स्वयंपाकघरात बसत. घरमालक चिडला, पण जागा सोडा असे म्हणाला नाही. पाट्या अजून सगळीकडे लटकत होत्या.

त्या पाट्या युद्धाने उतरवल्या. मार्च 1942मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि मुंबईही आता बाँबखाली जाणार, अशा बोलण्याने माणसे गावाकडे निघाली. आमच्या वाड्यात त्या उन्हाळ्यात आबाजींच्या बिऱ्हाडासह त्यांच्या मजल्यावरचे शेजारीही येऊन राहिले. एका कोकणी बाईंनी यवतमाळात नारळ मिळत नाही म्हणून रडून घेतल्याचे आत्या सांगते. रंगूनबरोबर बर्मा टीकही बंद झाले, ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या लक्षातही आली नसेल. आमच्याकडे सागाचे काय कौतुक? पांढरकवडा-घाटंजीकडून तो येतच होता.

लोक परतले. 14 एप्रिल 1944ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले. त्याच्या पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या, शिवाय सोन्याच्या विटा. आबाजी शिवडीत होते. पेटलेल्या गाठी आभाळातून पडताना पाहिल्या, असे ते सांगत. कापूस कराचीचा होता, वऱ्हाडातला नव्हता, हे ते न विसरता जोडत. जणू आपल्या रुईवर आळ यायला नको.

युद्ध संपले तेव्हा मुंबईत जागेचा दुष्काळ पडलेला. 1947च्या भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकली. युद्धकाळातली तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेले बंधन मग पन्नास वर्षे हलले नाही. 1997च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते अन्यायाचे झाले असल्याचे म्हटले, 1999च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीलाही कायद्यात जागा मिळाली. मला यात एकच दिसते. जुनी घरे जपली म्हणून आज शिवाजी पार्कचे कौतुक होते, पण कुणी काही जपले नाही. त्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडत नव्हती आणि भाडेकरूला बाहेर पाऊल टाकणे परवडत नव्हते. आमच्या ब्लॉकला वीस-पंचवीस वर्षे रंग नव्हता. दोघांच्या अडवणुकीत ती इमारत जशीच्या तशी राहिली.

मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राच्या सभा मैदानावर गाजल्या. आबाजी बापूजी अण्यांचे भक्त, म्हणजे वेगळ्या विदर्भाचे. सभा सुरू झाली की ते बाल्कनीचे दार लावून घेत, आणि मोठी माय ते उघडत असे. तिला अत्र्यांचे बोलणे ऐकायचे असे.

आबाजींच्या नातवाने काही वर्षांपूर्वी पागडी हस्तांतरित केली. मालकाने आपला हिस्सा घेतला, उरलेल्यात नातवाने ठाण्यापलीकडे घर घेतले. नव्या माणसाने भिंती पाडल्या. चूल, संडास, तंटा सगळे एका मोठ्या हॉलमध्ये गेले. यवतमाळचा वाडा त्याच्याही आधी गेला होता. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या मोजून ट्रकमध्ये भरल्या. हे लाकूड मुंबई-पुण्याकडे फार चालते, एवढे तो म्हणाला होता.

जाहिरातीतले फोटो मी आत्याला मोठे करून दाखवले. बाल्कनी तिने लगेच ओळखली. फरशी नाही. मग बाहेरचे दार आले : जाड, कोरीव चौकटीचे, पितळी फुलांचे, वर लोखंडी साखळी. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे आपल्या ब्लॉकचं नोहे," ती म्हणाली. "आपलं दार सपाट होतं, चावी फिरवली की लागे. साखळी कुठची? हे कोनाच्या तरी वाड्याचं होय."

भाचीने दलालाला विचारले. ओरिजनलच आहे मॅडम, तो म्हणाला, शंभर वर्षांचे जुने. इमारतीला अजून नव्वदही झालेली नाहीत.