रांगेतला आडत्या

काल कपाट आवरताना बाबांचा जुना पासपोर्ट सापडला आणि २००६ सालची ब्रीच कँडीची ती सकाळ आठवली.

ताईला सातवा महिना. आई-बाबांची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत साडेनऊची. पण बाबा पडले मार्केट यार्डातले आडते, उशिरा पोचणं त्यांना माहीतच नाही! रात्री दोनला पुणं सोडलं आणि सहाच्या आत लिंकन हाऊससमोर हजर.

ही वास्तू मूळची वांकानेरच्या महाराजांची. १९५७ पासून ती अमेरिकन वकिलातीकडे. पूर्वी पुष्कळांचं काम नुसत्या कागदपत्रांवर व्हायचं. २००१ च्या हल्ल्यांनंतर चित्र बदललं. ऑगस्ट २००३ पासून बहुतेकांना मुलाखत लागू झाली. पुढे २००४ च्या कायद्याने १४ ते ७९ वयाच्या जवळजवळ सगळ्यांना ती सक्तीची केली. म्हणून आमचे ६६ वर्षांचे बाबा त्या फुटपाथवर.

लवकर येऊन उपयोग शून्य, वेळ कागदावर छापलेली. बाबा फाईल छातीशी धरून गप्प उभे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "शेतकरी रात्रीच माल आणून गाळ्यासमोर बसतो ना, लिलाव होईपर्यंत... भाव ठरवणारे आपण. आज कळलं त्याला काय वाटत असेल."

व्हिसा मिळाला, भाचीच्या बारशालाही दोघं पोचले. २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली.

आणि बाबा? तिकडून आल्यावर गाळ्यावर गेले, तर पहिल्याच पहाटे बाहेर बसलेल्यांसाठी चहा सांगितला. तो रतीब शेवटपर्यंत चालू होता.